सेल्युलर जेल: पाऊण तासात उरकू नका

अंदमानच्या सहलीत सेल्युलर जेल बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी असतं. सकाळच्या विमानाने उतरायचं, हॉटेलात सामान टाकायचं, जेवायचं, मग जेल, मग कॉर्बिन्स कोव्हचा किनारा आणि अंधार पडला की ध्वनिप्रकाश कार्यक्रमासाठी पुन्हा जेल. या धावपळीत तुरुंगाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. तेवढ्या वेळात सावरकरांची कोठडी, फाशीघर आणि मनोऱ्यावरून समुद्राचे फोटो होतात. तुरुंग मात्र बघायचा राहून जातो.

आधीच सांगून टाकतो: जागा चांगली राखली आहे आणि जे उभं आहे ते अस्सल आहे. मांडणीत मात्र मोठ्या उणिवा आहेत. ही वास्तू नेमकी कशासाठी आणि कोणासाठी बांधली, आत दिवस कसा जायचा, हे तिथे गेल्यावर आपोआप कळत नाही. त्यामुळे जाण्याआधी थोडी तयारी हवी आणि हातात किमान तीन तास हवेत. सकाळी उघडतानाच जावं, कारण दुपारी जेवणाच्या सुमारास प्रवेश बंद होतो आणि अकरानंतर सहलींच्या बसची गर्दी लागते. आठवड्याची सुट्टी आणि राष्ट्रीय सणांचे बंद दिवस तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. तिकीट अगदी किरकोळ आहे.

आत शिरल्यावर लोक सरळ जिन्याकडे धावतात. तसं करू नका. आधी संग्रहालयात मूळ तुरुंगाची प्रतिकृती बघा, कारण आज डोळ्यांसमोर दिसतो तो निम्म्याहून कमी तुरुंग आहे. मधोमध मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली विंग्ज, अशी मूळ रचना होती. आज १, ६ आणि ७ क्रमांकाच्या तीनच विंग्ज उभ्या आहेत. १९४१ चा भूकंप, नंतरचा जपानी ताबा आणि स्वातंत्र्यानंतरची पाडापाडी यांत बाकीच्या चार गेल्या. मोकळ्या झालेल्या आवारात १९६३ पासून गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. प्रतिकृती न बघता वर चढलं तर मनोऱ्यावरून एका बाजूला विंग्ज आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्याच्या इमारती दिसतात आणि काहीच उमजत नाही. मूळच्या विंग्ज पाडण्याचं समर्थन करता येणार नाही, पण तिथे चालतं इस्पितळ आहे, खरे रुग्ण आहेत. त्या बाजूला आवाज कमी ठेवा आणि गाड्यांचे हॉर्न वाजवू नका.

प्रतिकृतीत आणखी एक गोष्ट शोधा. प्रत्येक विंगचं तोंड शेजारच्या विंगच्या पाठीकडे आहे. कोठडीच्या गजांमधून कैद्याला समोर काय दिसायचं, तर पुढच्या विंगची मागची भिंत आणि तिच्यात उंचावर कापलेले झरोके. समोरासमोर एकही कोठडी नाही, म्हणजे खाणाखुणा नाहीत, नुसतं तोंड बघणंही नाही. एका विंगमधून दुसरीत जायचं तर मनोऱ्यातूनच जावं लागे. प्रत्येक विंगच्या प्रत्येक मजल्यावर एक, असे रात्री एकवीस पहारेकरी पुरत. शेकडो माणसांना एकमेकांपासून तोडायला इतकी थोडी माणसं लागत होती, कारण बहुतेक काम भिंतीच करत होत्या. बाबाराव सावरकर आधीपासून याच तुरुंगात होते आणि ४ जुलै १९११ रोजी धाकटे विनायकराव तिथे आणले गेले. एकाच आवारात असूनही सख्ख्या भावांची भेट बराच काळ झाली नाही. ते कसं शक्य होतं, हे सातव्या विंगच्या व्हरांड्यात उभं राहिलं की एका क्षणात पटतं.

आता कोठडी. गर्दी नसेल तेव्हा तळमजल्यावरच्या एखाद्या उघड्या कोठडीत एकट्याने शिरा. लांबी साडेतेरा-चौदा फूट, रुंदी सात-आठ फूट, मागच्या भिंतीत सुमारे दहा फुटांवर गज लावलेला लहानसा झरोका. हात पोचत नाही, उडी मारूनही बाहेरचं दिसत नाही. फक्त उजेडाचा एक तुकडा आत येतो. कोठडीत मोरी नाही, संडास नाही. संध्याकाळी आत कोंडल्यापासून सकाळी उघडेपर्यंत डांबर लावलेलं एक मातीचं मडकं, आणि तेही लहान. शौचाला सोडायच्या वेळा ठरलेल्या. त्या वेळेबाहेर गरज लागली तर शिक्षा. कैद्यांच्या आठवणींमध्ये मारहाणीइतकाच हा त्रास पुन्हा पुन्हा येतो, पण स्मारकात याबद्दल बोलायला कोणी तयार नसतं. गाईडला मुद्दाम विचारा.

दार बघताना कुलपाकडे नीट लक्ष द्या. या इमारतीतली सगळ्यात हुशारीने केलेली वस्तू तीच आहे. दाराला जाड लोखंडी गज, आणि कडी दाराच्या चौकटीत न अडकता बाहेरच्या भिंतीत लांबवर कोरलेल्या खोबणीत जाऊन बसते. कुलूप त्या खोबणीत. गजांमधून हात खांद्यापर्यंत बाहेर काढला तरी बोटं कुलपाला लागत नाहीत. किल्ली कशी फेकायचे, कैदी कसा धडपडायचा, अशा रंगवलेल्या गोष्टी काही गाईड सांगतात. त्या सोडून द्या. कडी स्वतः सरकवून बघा. लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो. रात्री चोरून काही करायचं तर पहिला अडथळा हा आवाजच.

सावरकरांची कोठडी सातव्या विंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. वर जायला जिनेच आहेत, पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी बाकीचं बघून घ्यावं आणि हे शेवटी ठेवावं, नाहीतर दम जातो आणि खालचं राहून जातं. या कोठडीला बाहेरून आणखी एक जाळीदार फाटक आहे, इतर कोठड्यांना नाही. तो फरक टिपून घ्या. महाराष्ट्रातून येणारे लोक इथे हात जोडतात, डोळे पुसतात, आणि ते अगदी साहजिक आहे. पण तिथे लागलेली रांग बघता फोटोसाठी दोन-दोन मिनिटं दार अडवून ठेवू नये. आणि परतताना त्याच व्हरांड्यातल्या इतर कोठड्यांसमोरून हळू चालत या. त्यांच्यावर पाट्या नाहीत, पण तिथेही माणसं वर्षानुवर्षं राहिली आहेत.

हा तुरुंग क्रांतिकारकांसाठी बांधला असा बहुतेकांचा समज असतो आणि स्मारकही तो खोडत नाही. खरी गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. अंदमानात कैद्यांची वसाहत १८५८ च्या मार्चमध्ये सुरू झाली, सत्तावनच्या उठावानंतर लगेच. पहिली चाळीसेक वर्षं सेल्युलर जेल नव्हतंच. कैदी बराकीत राहत, जंगल तोडत, रस्ते बांधत, काही वर्षांनी शेती करून स्वतःचा संसार मांडत. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की काळ्या पाण्याची भीतीच उरलेली नाही, हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटतं. म्हणून त्यांनी सुचवलं की प्रत्येक नव्या कैद्याला सुरुवातीला एक कडक टप्पा भोगायला लावावा. त्या टप्प्यासाठी ही एकांत कोठड्यांची इमारत. १८९६ मध्ये काम सुरू झालं, १९०६ मध्ये पुरं झालं, विटा ब्रह्मदेशातून आल्या, खर्च सुमारे ५ लाख १७ हजार रुपये. मजुरी कैद्यांचीच. स्वतःला कोंडायच्या भिंती त्यांनी स्वतःच्या हाताने रचल्या.

जन्मठेपेचा पूर्ण मार्ग असा होता: पहिले सहा महिने सेल्युलर जेलमध्ये एकांतात. पुढचे दीड वर्ष तुरुंगातच, पण इतरांसोबत काम. नंतर तीन वर्षं बाहेर टोळीने मजुरी आणि रात्री बराकीत बंद. त्यापुढची पाच वर्षंही मजुरीचीच, पण वागणूक चांगली असेल तर हलकी कामं आणि छोटे हुद्दे मिळू शकत. दहा वर्षांनी सवलतीचं तिकीट. मग स्वतः कमवायचं, जमीन कसायची, लग्न करायचं. १९०१ मध्ये वसाहतीत सुमारे बारा हजार कैदी होते आणि या तुरुंगात कोठड्या जेमतेम सातशे. म्हणजे ही इमारत म्हणजे सगळी शिक्षा नव्हे, ते शिक्षेचं प्रवेशद्वार होतं. राजकीय कैद्यांना मात्र त्या प्रवेशद्वारातच वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं. पुढचे टप्पे त्यांना बहुतेक वेळा नाकारले गेले. त्यांच्यावर झालेला खास अन्याय नेमका हा आहे, आणि नेहमीच्या कैद्याचा मार्ग माहीत नसेल तर तो लक्षातच येत नाही. स्मारकाची सगळ्यात मोठी उणीव माझ्या लेखी हीच. हजारो साध्या कैद्यांची वंशावळ आज त्याच गावात नांदते आहे, पण तुरुंगाच्या भिंतींवर त्या माणसांसाठी फारच थोडी जागा आहे.

कैद्याच्या गळ्यात लोखंडी कडी आणि तिला लाकडी बिल्ला असायचा. त्यावर क्रमांक, शिक्षा सुरू झाल्याची तारीख आणि सुटकेची तारीख. सावरकरांचा क्रमांक ३२७७८ आणि सुटकेचं साल १९६०. पन्नास वर्षांपुढचं साल रोज छातीवर लटकवून कामाला जायचं. संग्रहालयात बेड्या आणि कपडे बघताना हा बिल्ला डोळ्यांसमोर ठेवा.

दिवसाचा क्रम साधा आणि म्हणूनच भयंकर होता. पहाटे घंटा, दार उघडणं, ठरलेल्या वेळात शौच-मुखमार्जन, मग तांदळाची कांजी. लगेच काम. दुपारी भात, पोळी, डाळ आणि पालेभाजी म्हणून जे काही उकडलेलं मिळेल ते. पुन्हा काम, संध्याकाळी मोजणी आणि वजन, मग जेवण, मग कोठडी. बाहेर पत्र वर्षातून एकदा. गोरे अधिकारी मूठभर होते; रोजचा छळ करणारे बहुतेक कैदीच. वॉर्डर, पेटी ऑफिसर, तंडेल, जमादार, अशी कैद्यांमधूनच निवडलेली उतरंड होती. बढतीसाठी हे लोक खालच्यांवर हात चालवत आणि वर आयरिश जेलर डेव्हिड बारी. मोजक्या गोऱ्यांना हजारोंवर राज्य करता आलं ते या उतरंडीच्या जोरावर. मनोऱ्यातली घंटा बघताना ही साखळी आठवा.

सर्वांत जास्त वेळ कामाच्या शेडमध्ये द्या. तिथे कोलू, म्हणजे तेलाचे घाणे, ठेवले आहेत आणि कैद्यांचे पुतळे ते ओढताना दाखवले आहेत. पुतळे बरे आहेत, पण कामाचा हिशोब त्यांच्यावरून कळत नाही. तो असा: दिवसभरात ३० पौंड खोबरेल किंवा १० पौंड मोहरीचं तेल काढून द्यायचं. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. खोबरं कोलूत टाकायचं आणि बैलाच्या जागी माणसाने दांडा ढकलत गोल फिरायचं. गती कमी पडली की तेल सुटत नाही, म्हणजे वजन भरत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत तेल झरझर येतं, मग पेंड सुकत जाते आणि तेवढ्याच तेलासाठी दुप्पट जोर लागतो. म्हणून दुपारनंतरचे तास सकाळच्या तासांपेक्षा कितीतरी जड. पाणी प्यायला थांबलं तरी गती मोडते. संध्याकाळी तराजू, कमी भरलं तर शिव्या, मार आणि पुढची शिक्षा. शिक्षेने थकलेला माणूस दुसऱ्या दिवशी आणखी कमी तेल काढणार, हे उघडच आहे. हे चक्र जाणूनबुजून असंच ठेवलं होतं.

दुसरं काम सोडणं कुटायचं, म्हणजे छिलका. वाळलेली नारळाची सोडणं लाकडी ठोकळ्यावर ठेवायची, मोगरीने ठोकून मऊ करायची, वरची साल सोलून टाकायची, पाण्यात भिजवायची, पुन्हा कुटायची. आतला भुसा झडून नुसते तंतू उरेपर्यंत हेच. मग ते उन्हात वाळवून, झटकून, साफ करून काथ्याची जुडी बांधून द्यायची. रोज वीस नारळांची सोडणं. मोगरीचा दांडा आणि कोरडी साल, दोन्ही तळहाताला सोलतात. पहिल्या आठवड्यात हातांना फोड येतात, ते फुटतात आणि त्याच हातांनी पुन्हा कुटायचं. पूर्वी लेखणी धरणाऱ्यांना हे मुद्दाम दिलं जाई. कोलूच्या मानाने छिलका हलका समजत, आणि काथ्याची दोरी वळणं त्याहून हलकं. कोणाला कोणतं काम, हेच बारीच्या हातातलं मोठं हत्यार होतं.

शिक्षांच्या वस्तू त्याच भागात आहेत. टिकटीची चौकट, ज्यावर हातपाय बांधून वेताचे फटके देत, तिच्याभोवती सगळे थांबतात. पण बाजूच्या बेड्या जास्त बघण्यासारख्या आहेत. दंडाबेडीत कंबरेपासून दोन्ही घोट्यांपर्यंत लोखंडी दांडे जातात. आडवी बेडी त्याहून वाईट: दोन पायांच्या मध्ये आडवा दांडा. पाय जवळ आणता येत नाहीत, ना चालताना, ना बसताना, ना झोपताना. खड्या हातकडीत हात डोक्याच्या वर भिंतीला अडकवून दिवसभर उभं ठेवत, आणि शिक्षा एक-दोन दिवसांची नव्हे, आठवडाभराची असू शकत होती. शौचाला जाण्याची सोय त्यातही वेळेवरच. तागाच्या पोत्याचे कपडे ही आणखी एक शिक्षा. अंदमानची हवा दमट, घाम थांबत नाही. पोतं ओल्या कातडीवर घासत राहिलं की काय होईल, याचा अंदाज करता येतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी फाशीघराआधी या बेड्या नीट समजावून सांगाव्यात. त्यांना त्या कळतात.

फाशीघर लहान आहे, तीन दोर एकाच वेळी लटकवता येतील असं. खाली तळघरासारखी खोली. तिथे मोठ्याने बोलणं टाळावं, एवढंच सांगायचं आहे.

मनोऱ्याच्या तळाशी संगमरवरी फलकांवर राजकीय कैद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत. ती वाचायला वेळ ठेवा. मुंबई प्रांताची यादी छोटी आहे आणि बंगालची सगळ्यात लांब. पंजाबातले गदर या क्रांतिकारी चळवळीतले लोक आहेत, चितगाव शस्त्रागार प्रकरणातले तरुण आहेत, दिल्लीच्या असेंब्ली बाँब खटल्यातले बटुकेश्वर दत्त आहेत. आपल्याकडे या तुरुंगाची ओळख एका नावापुरती झाली आहे. ते नाव मोठंच आहे, पण फलकासमोर उभं राहिलं की शेजारच्यांचीही ओळख करून घ्यावीशी वाटते. छळ असह्य होऊन १९१२ मध्ये गळफास घेतलेले इंदुभूषण रॉय, इथल्याच छळाने मानसिक तोल ढळलेले उल्हासकर दत्त, ही नावं तिथे शोधा.

१९२१ पर्यंत राजकीय कैद्यांना मुख्य भूमीवर परत नेलं होतं, तुरुंग समितीनेही काळ्या पाण्याची पद्धत बंद करण्याची शिफारस केली होती. तरी १९३२ मध्ये पुन्हा क्रांतिकारकांना इथे आणायला सुरुवात झाली. त्याचं उत्तर म्हणजे १२ मे १९३३ चं उपोषण. मागण्या काय होत्या, तर कोठडीत दिवा, वाचायला पुस्तकं, खाण्यासारखं अन्न. सरकारने नाकातून नळी घालून जबरदस्तीने दूध पाजायला सुरुवात केली. नळी चुकून श्वासनलिकेत गेली की दूध फुप्फुसात उतरतं. महावीर सिंग यांचा मृत्यू तसाच झाला. पाठोपाठ मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र गेले. उपोषण ४६ दिवस चाललं आणि मागण्या मान्य झाल्या. जुलै १९३७ मध्ये पुन्हा उपोषण झालं, या वेळी मागणी मायदेशी परत पाठवण्याची. जानेवारी १९३८ पर्यंत राजकीय कैद्यांपासून हा तुरुंग रिकामा झाला. समोरच्या बागेत सहा हुतात्म्यांचे पुतळे आहेत, त्यात हे तिघेही आहेत. सहली तिथे थांबत नाहीत. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात, नक्की जा.

जपानी काळ मात्र अजूनही कोपऱ्यात ढकललेला आहे. २३ मार्च १९४२ रोजी जपान्यांनी बेटं घेतली आणि हाच तुरुंग पुन्हा भरला, या वेळी स्थानिक लोकांनी. हेरगिरीच्या संशयावरून शिकलेल्या माणसांना उचलून इथे छळलं गेलं. पंजाबी कवी आणि डॉक्टर दिवाणसिंग यांचा १४ जानेवारी १९४४ रोजी इथल्या छळात मृत्यू झाला आणि ३० जानेवारीला होमफ्रेगंज इथे ४४ जणांना गोळ्या घातल्या. या छळाच्या काळातच, डिसेंबर १९४३ च्या शेवटी नेताजी पोर्ट ब्लेअरला आले आणि तिरंगा फडकवला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या अंतरातल्या आहेत. स्मारकात दुसरी ठळक आहे आणि पहिली पुसट. गावातल्या जुन्या कुटुंबांसाठी पहिली जास्त खरी आहे. त्यांच्या आज्या-पणज्यांनी ती भोगली. यावर वेगळं दालन हवं, आणि ते लवकर व्हावं असं मनापासून वाटतं.

ध्वनिप्रकाश कार्यक्रमाबद्दल. दिवसा तुरुंग बघितला नसेल तर तो बघू नका, नुसतीच आवाजाची आतषबाजी वाटेल. दिवसा सगळं नीट पाहिलं असेल तर अंधारात त्या भिंतींवर पडणारा प्रकाश चांगला लागतो. अनेक वर्षं चाललेल्या संहितेत आवारातला पिंपळ गोष्ट सांगतो. भाषेची निवड असेल तर मराठी प्रेक्षकाने हिंदी खेळ घ्यावा, इंग्रजीत संवाद सपाट होतात. भावनेला हात घालण्यासाठी लिहिलेला आहे, तपशिलासाठी नाही. कोलूचे आकडे किंवा टप्प्यांची पद्धत त्यात मिळणार नाही. बसायची जागा उघड्यावर आहे, त्यामुळे पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मागच्यांचं दिसणं अडत नाही. तिकीट हंगामात लवकर संपतं, सकाळीच काढून ठेवा. अंदमानात घड्याळ आपलंच पण सूर्य बराच आधी मावळतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाच वाजताच अंधारू लागतं. म्हणून संध्याकाळचं वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या सवयीने आखू नका.

गाईड घ्यावा का? घ्यावा, पण दारातच विचारून घ्या की तो कामाची शेड, कुलूप आणि नावांचे फलक दाखवणार का. फक्त कोठडी आणि फाशीघर दाखवणारे बरेच असतात. एका गटात आठ-दहांपेक्षा जास्त लोक असले तर मागच्यांना काही ऐकू येत नाही. पैसे थोडे जास्त गेले तरी लहान गट करा. पाण्याची बाटली, टोपी आणि चालायला सोपे बूट एवढं पुरे. व्हरांड्यात सावली आहे, आवारात नाही.

वृद्ध माणसं बरोबर असतील तर तळमजल्याचा क्रम असा ठेवा: प्रतिकृती, तळमजल्याची कोठडी आणि कुलूप, कामाची शेड, फाशीघर, फलक. यात जिना लागत नाही आणि बहुतेक तुरुंग बघून होतो. बरोबरच्या तरुणांनी त्या वेळात वर जाऊन यावं.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर रॉस बेट (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) बघा, पण ते सेल्युलर जेलच्या आधी नको. रॉसवर साहेबांचे बंगले, चर्च आणि बेकरी यांचे अवशेष आहेत. समोरच्या काठावर कोणाच्या श्रमावर हे चाललं होतं हे कळल्यावर त्या भिंतींचा अर्थ बदलतो. व्हायपर बेटाची फेरी मिळाली तर तीही घ्या. सेल्युलर जेलच्या कितीतरी आधीचा तुरुंग तिथे होता आणि टेकडीवर फाशीघर आहे. १८७२ च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेरअली आफ्रिदीला पुढच्याच महिन्यात तिथे फाशी दिली. बेटावर खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका, पाणी बरोबर ठेवा आणि परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.